‘सांगितलं होतं ना?’ म्हटलं की मत गेलं

समजा, एखाद्या वॉर्डात तुमचा पक्ष 100 मतांनी मागे आहे. ही तूट भरून काढायचे दोन मार्ग आहेत. एक तर मतदानालाच न जाणाऱ्या 101 जणांना घराबाहेर काढायचं. नाहीतर समोरच्या पक्षाला मत देणाऱ्यांपैकी 51 जणांना आपल्याकडे वळवायचं. वळलेलं मत दुप्पट मोलाचं, कारण ते तिकडून वजा होतं आणि इकडे जमा होतं. बूथवर बसणाऱ्या कुठल्याही जुन्या कार्यकर्त्याला हे गणित तोंडपाठ असतं.

आता या 51 जणांशी आपण बोलतो कसे ते पाहा. कांद्याचे किंवा सोयाबीनचे भाव पडले आणि एखाद्या शेतकऱ्याने व्हिडिओ करून आपली व्यथा मांडली, की खाली प्रतिक्रिया येते, ‘मत कुणाला दिलं होतं? भोगा आता.’ 4 जून 2024 ला अयोध्या ज्या मतदारसंघात येते ती फैजाबादची जागा भाजप हरला, तेव्हा चिडलेल्या समर्थकांनी अयोध्येच्या रहिवाशांना समाजमाध्यमांवर वाट्टेल ते बोलून घेतलं. तिथल्या दुकानदारांकडून काही विकत घेऊ नका, असे संदेश फिरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात महायुती जिंकली, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या कितीतरी जणांनी ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बायकांनी 1500 रुपयांना मत विकलं, असं लिहिलं. पक्ष वेगळे, पण भाषा एकच. जिंकणारा म्हणतो, ‘आता कसं वाटतंय? गार गार वाटतंय!’ हरणारा म्हणतो, ‘तुमची लायकीच ती!’ दोघांनाही ज्यांची मतं पुढच्या वेळी हवी आहेत, त्यांनाच ते डिवचत असतात.

विरोधी मतदाराला न हिणवता कसं वळवता येतं, याचा जगात बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे. काही ठिकाणी तर अख्खी निवडणूक याच विचारावर लढवली गेली. ते सगळं नीट समजून घेऊ.

आधी एक साधा प्रश्न. चूक दिसत असूनही माणूस आपलं मत का सोडत नाही?

कारण मत हा सुटा विचार नसतो. त्याला घर चिकटलेलं असतं, जात, गल्ली, आजोबांची निष्ठा, सकाळच्या चहाचा कट्टा चिकटलेला असतो. पक्ष सोडायचा म्हणजे त्या सगळ्यांसमोर ‘आपण इतकी वर्षं चुकलो’ असं कबूल करायचं. ते कुणालाच सोपं नसतं. आपल्याकडे ‘पडलो तरी नाक वर’ अशी म्हण आहे, ती काही फक्त गर्विष्ठ लोकांसाठी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये याचा सिद्धांतच मांडला. आपलं वागणं आणि आपल्याला दिसणारं सत्य यांचा मेळ बसेना, की मनात अस्वस्थता निर्माण होते. ती घालवायला माणूस दर वेळी वागणं बदलतोच असं नाही, तो कारणं शोधतो. ‘रस्ता झाला नाही, पण निदान गुंडगिरी तरी कमी झाली.’ ‘महागाई आहे, पण ती जगभर आहे.’ आणि बाहेरच्या कुणी टोमणा मारला, तर हा शोध आणखी जोरात सुरू होतो.

स्वतःच्या भावाला आपण घरात हवं ते बोलतो, पण शेजाऱ्याने त्याच भावाबद्दल ब्र काढला तर बाह्या सरसावतो. मतदाराचं आपल्या पक्षाशी असंच असतं. जो माणूस काल रात्री बायकोशी बोलताना आपल्याच आमदाराला शिव्या देत होता, तो आज तुमच्या टोमण्यानंतर त्याच आमदाराचा वकील होतो. वाईट असं, की बाजू मांडता मांडता तो स्वतःचे युक्तिवाद स्वतःच ऐकतो आणि त्याला ते पटायला लागतात. तुम्ही त्याला ढकलत नेऊन पुन्हा आत बसवलेलं असतं.

इस्तंबूलमध्ये काय झालं

या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण तुर्कस्तानचं आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

पुढे तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले रेजेप तय्यिप एर्दोगन 1994 मध्ये इस्तंबूलचे महापौर झाले. तेव्हापासून सलग 25 वर्षं ते शहर त्यांच्या आणि त्यांच्या राजकीय परंपरेतल्या लोकांच्या हातात होतं. समोर मुख्य विरोधी पक्ष होता आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक केमाल अतातुर्क यांनी स्थापन केलेला सीएचपी. धर्मनिरपेक्ष, शिकलेल्या, शहरी लोकांचा पक्ष अशी त्याची ओळख. अनेक धार्मिक घरांत मात्र त्याची आठवण वेगळी होती. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या मुलींना विद्यापीठाच्या दारातून परत पाठवणारी जी जुनी व्यवस्था होती, तिचा हा पक्ष, अशी. एर्दोगनना मत देणाऱ्या गरीब लोकांना मॅकरोनी आणि कोळशाच्या पोत्यांवर विकली गेलेली माणसं म्हणून हिणवलं जायचं. 2007 मध्ये एका नामवंत स्तंभलेखकाने या मतदाराचं वर्णन ‘पोट खाजवत बसलेला माणूस’ असं केलं. एर्दोगनना याहून सोयीचं काय हवं होतं? ते हे शब्द सभांमधून लोकांना ऐकवत राहिले. ‘हे लोक तुम्हाला असं समजतात’ एवढं सांगितलं, की पुढचं भाषण करायची गरजच उरत नसे.

1500 रुपयांचा टोमणा मारणाऱ्यांनी ती मॅकरोनीची गोष्ट एकदा शांतपणे वाचावी, असं मला मनापासून वाटतं. ज्या घरात ते पैसे गॅसच्या सिलेंडरला किंवा पोरांच्या वह्यांना लागतात, त्या घराला तो टोमणा किती वर्षं लक्षात राहील, याचा विचार व्हायला हवा.

2019 च्या स्थानिक निवडणुकीत सीएचपीने इस्तंबूलसाठी उमेदवार दिला एक्रेम इमामोग्लू. ते तोवर शहराच्या एका टोकाच्या बेयलिकदुझु या उपनगराचे महापौर होते आणि बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हते. समोर होते एर्दोगन यांच्या पक्षाचे माजी पंतप्रधान बिनाली यिल्दिरिम. सीएचपीच्या प्रचाराची आखणी आतेश इलयास बाश्सोय यांच्याकडे होती. त्यांनी कार्यकर्त्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढली होती, तिचं नावच ‘उत्कट प्रेमाचं पुस्तक’ अशा अर्थाचं. तिचा गाभा दोन गोष्टींत मावतो. एर्दोगनकडे दुर्लक्ष करा, आणि एर्दोगनवर प्रेम करणाऱ्यांवर प्रेम करा.

ऐकायला हे भाबडं वाटतं, पण यामागे पक्का हिशोब आहे. एर्दोगन यांची सगळी ताकद ‘आपण विरुद्ध ते’ या रेघेत होती. त्यांच्यावर हल्ला केला की ती रेघ ठळक होते आणि त्यांचे मतदार त्यांच्याभोवती गोळा होतात. हल्लाच केला नाही, तर भांडणाला दुसरी बाजू राहत नाही. मग बोलणं साहजिकच बसभाडं, पाणी, पाळणाघरं, पालिकेच्या पैशांची उधळपट्टी यांवर येतं, आणि तिथे 25 वर्षं सत्तेत असलेल्यांनाच उत्तरं द्यावी लागतात.

इमामोग्लू प्रचाराच्या सुरुवातीलाच राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात जाऊन खुद्द एर्दोगन यांना भेटले आणि बाहेर येऊन सांगितलं, की मी त्यांच्याकडेही मत मागितलं. ते बाजारांत, मशिदींत, धार्मिक वस्त्यांत जात राहिले. मार्च 2019 मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींवर हल्ला झाला, तेव्हा त्यांनी इस्तंबूलच्या एयुप सुलतान मशिदीत मृतांसाठी कुराणपठण केलं. ते काळ्या समुद्राकाठच्या ट्रॅब्झॉनकडच्या, परंपरा जपणाऱ्या घरातले, त्यामुळे हे त्यांना उसनं आणावं लागलं नाही. उमेदवार निवडतानाच हा विचार झाला असेल तर तो मोठा शहाणपणा म्हणायचा. समोरच्यांचा मान ठेवायचा, तर त्यांचं जगणं आतून माहीत असलेला माणूस लागतो.

31 मार्चला ते जिंकले, जेमतेम 13 हजारांच्या आसपास मतांनी. एक कोटीहून जास्त मतदारांच्या शहरात हे अंतर म्हणजे काहीच नाही. सत्ताधाऱ्यांनी हरकती घेतल्या, फेरमोजणी झाली आणि 6 मे रोजी निवडणूक मंडळाने निकालच रद्द केला. पुन्हा मतदान 23 जूनला.

इथे खरी परीक्षा होती. जिंकलेली खुर्ची हिसकावून घेतल्यावर शिव्याशाप द्यायला कुणाचीही हरकत नसती. लोक रस्त्यावर येऊन भांडी वाजवत होते. इमामोग्लू यांनी त्या रात्री कोट काढला, बाह्या वर केल्या आणि निवडणूक मंडळावर कडक टीका केली. पण ती मंडळावर होती. समोरच्या मतदारांबद्दल एक वाईट शब्द त्यात नव्हता. त्यांच्या बसशेजारून धावणाऱ्या एका मुलाने आधी कधीतरी त्यांना ओरडून सांगितलं होतं, ‘एक्रेमदादा, सगळं छान होणार आहे.’ तीच घोषणा झाली.

23 जूनला त्यांना 54 टक्के मतं पडली आणि फरक गेला आठ लाखांवर. त्यातला मोठा वाटा नव्या मतांचा आणि छोट्या पक्षांकडून वळलेल्या मतांचा होता. पण यिल्दिरिम यांची स्वतःची मतंही मार्चच्या तुलनेत दोन लाखांहून जास्त घटली. फातिहसारखा जुना धार्मिक भाग, आणि ज्या उस्कुदारमध्ये एर्दोगन यांचं घर आहे तो भागही इमामोग्लू यांच्या बाजूने गेला.

हे सगळं प्रेमामुळेच झालं असं म्हणणं खोटं ठरेल. 2018 मध्ये तुर्की लिरा कोसळला होता, महागाई भडकली होती. कुर्दांच्या प्रमुख पक्षाने इस्तंबूलमध्ये उमेदवार दिला नव्हता, त्यांची मतं इमामोग्लूंना मिळाली. निवडणूक रद्द झाल्याचा राग तर होताच. पण महागाई आणि राग हे विरोधकांच्या वाट्याला आधीही आले होते. नाराज झालेल्या एर्दोगन-मतदाराला या वेळी जायला एक दार होतं, आणि त्या दारात त्याला हसणारं कुणी उभं नव्हतं.

दारोदारच्या बोलण्याचा अभ्यास

एका निवडणुकीवरून नियम काढता येत नाही, हे बरोबर. म्हणून अमेरिकेतलं काम पाहू. तिथे हे मोजून पाहिलं गेलं आहे.

नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाच्या विरोधातला प्रस्ताव सार्वमतात सुमारे 52 टक्के मतांनी मंजूर झाला. लॉस एंजेलिसमधल्या समलिंगी समाजाच्या एका मोठ्या केंद्राला हा धक्का होता. डेव्ह फ्लायशर यांच्या पुढाकाराने तिथल्या स्वयंसेवकांनी एक वेगळं पाऊल उचललं. ज्या वस्त्यांनी आपल्या विरोधात मत दिलं, तिथेच जाऊन दारं ठोठावायची आणि विचारायचं, ‘तुम्ही असं मत का दिलंत?’ वाद घालायला नाही, ऐकायला. आपल्या लग्नाच्या हक्काविरुद्ध ज्याने मत दिलं, त्याच्या पायरीवर उभं राहून त्याचं म्हणणं ऐकायला किती बळ लागत असेल! तिथून बोलण्याची एक पद्धत तयार झाली.

या पद्धतीच्या परिणामावर 2014 मध्ये एक गाजलेला शोधनिबंध आला, पण त्यातली माहिती विश्वासार्ह नसल्याचं 2015 मध्ये उघड झालं आणि तो मागे घेतला गेला. तो उघडा पाडणाऱ्यांत डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ कॅला हे दोन तरुण संशोधक होते. मग त्यांनीच मायामीत तोच प्रयोग नीट केला, विषय होता तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दारात झालेल्या साधारण दहा मिनिटांच्या एका बोलण्याने पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. खोटा अभ्यास पकडणाऱ्यांच्याच हातून खरा अभ्यास व्हावा, याने या विषयावरचा माझा विश्वास वाढला.

2020 च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात जास्त मोलाची गोष्ट कळली. सात ठिकाणी, 6 हजारांहून जास्त मतदारांशी स्वयंसेवक बोलले. काहींसमोर फक्त युक्तिवाद मांडले. काहींशी युक्तिवादासोबत अनुभवांची देवाणघेवाण केली, समोरच्याला नावं न ठेवता. नुसत्या युक्तिवादाचा परिणाम दिसलाच नाही. अनुभव सांगितले आणि ऐकले, तिथे परिणाम झाला आणि निदान चार महिने टिकला.

याच दोघांनी 2018 मध्ये आणखी एक कडू सत्य मांडलं होतं. प्रचाराचे 49 प्रयोग एकत्र तपासून त्यांनी दाखवलं, की सार्वत्रिक निवडणुकीत पत्रकं, फोन, जाहिराती, घाईघाईच्या गाठीभेटी यांनी मत वळवण्याचं सरासरी प्रमाण जवळजवळ शून्य असतं. ‘ताई, लक्ष असू द्या’ म्हणत एका संध्याकाळी तीन सोसायट्या उरकणाऱ्या पदयात्रेतून मतदानाची आठवण होते, उमेदवाराचा चेहरा कळतो. मत वळेल, ही अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

म्हणजे नेमकं बोलायचं कसं

त्या पद्धतीचं सार सांगतो, आपल्याकडच्या उदाहरणाने. कोपऱ्यावरचा एक किराणा दुकानदार आहे, गेल्या वेळी त्याने समोरच्याला मत दिलं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

सुरुवात प्रश्नाने करायची, आणि तो प्रश्न खरा असला पाहिजे. ‘काका, गेल्या वेळी तुम्ही त्यांना मत दिलंत, तेव्हा तुमच्या मनात काय होतं?’ हे विचारताना आवाजात तपासणी आली, तर काका लगेच ओळखतात. ते म्हणतील, ‘बाजाराचा रस्ता होईल वाटलं होतं. आणि त्यांचा माणूस अडचणीला धावून येतो.’ इथे आपली जीभ शिवशिवते, ‘झाला का रस्ता?’ म्हणायला. ते म्हणायचं नाही. रस्ता झाला नाही हे काकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे, धूळ त्यांच्याच मालावर बसते. त्याऐवजी, ‘धावून येतो म्हणजे? काय झालं होतं?’ असं विचारायचं. मग काका मुलाच्या अपघाताची गोष्ट सांगतील, रात्री अकरा वाजता कुणी रुग्णवाहिका मिळवून दिली ते सांगतील. ती गोष्ट ऐकल्यावर आपल्यालाही कळतं, की हे मत मूर्खपणाचं नव्हतं. त्यामागे एक ऋण होतं.

मग आपली गोष्ट सांगायची. आकडे नाही, वर्तमानपत्रातलं नाही, आपलं. ‘माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा आम्ही सरकारी दवाखान्यात चार तास बसलो. डॉक्टरची जागा भरलेलीच नव्हती. अडचणीला धावून येणारा माणूस हवाच, पण प्रत्येक वेळी कुणाला फोन करावा लागू नये असंही वाटतं मला.’ एवढंच. काका लगेच ‘बरोबर आहे तुझं’ म्हणणार नाहीत. बहुधा ते आपल्या एखाद्या अनुभवाची भर घालतील. त्या क्षणी बोलणं पक्षाचं न राहता दवाखान्याचं झालेलं असतं, आणि दवाखान्याबाबत तुम्ही दोघं एकाच बाजूला असता.

मायामीत स्वयंसेवक आणखी एक गोष्ट करत. समोरच्याला विचारत, ‘तुम्ही वेगळे आहात म्हणून लोकांनी तुम्हाला कधी कमी लेखलंय का?’ हा अनुभव कुणाला नसतो? गावाकडच्या बोलीवरून शहरात हसले गेलेले लोक आपल्याकडे कमी आहेत का? स्वतःचा असा प्रसंग आठवला, की ज्यांच्याबद्दल आपण कठोर होतो त्यांच्याकडे पाहण्याची नजर थोडी मऊ होते. ती नजर त्याची त्याने बदललेली असते, म्हणून टिकते.

यासाठी समोरचा माणूस कोण आहे याचा आपला अंदाजही तपासावा लागतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात डेमोक्रॅट पक्षाच्या लोकांना वाटत होतं, की वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारे 44 टक्के रिपब्लिकन असतील. प्रत्यक्षात ते 2 टक्के होते. रिपब्लिकनांना वाटत होतं, की 38 टक्के डेमोक्रॅट समलिंगी किंवा उभयलैंगिक असतील. प्रत्यक्षात 6 टक्के. आपण समोरच्या पक्षाच्या मतदाराचं मनात जे चित्र ठेवतो, ते त्याच्या सर्वांत आरडाओरडा करणाऱ्या नमुन्यावरून काढलेलं असतं. किराणा दुकानातले काका त्या चित्रात कुठेच बसत नाहीत.

आणि शेवटी, त्याला बाहेर पडायला मान राखणारी वाट हवी. यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्याकडून शिकण्यासारखं आहे, मग त्यांचं राजकारण पटो वा न पटो. ते स्वतः आधी डेमोक्रॅट होते, त्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना चारही वेळा मत दिलेले. 1962 मध्ये ते रिपब्लिकन झाले. ते सांगत, मी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला नाही, पक्षानेच मला सोडलं. डेट्रॉइटच्या अधिवेशनात 1980 मध्ये उमेदवारी स्वीकारताना त्यांनी रूझवेल्ट यांचाच दाखला दिला, म्हणजे समोरच्यांच्या दैवताचा. कारखान्यात काम करणाऱ्या लाखो डेमोक्रॅट कुटुंबांना यातून एक गोष्ट कळली: रेगनना मत देण्यासाठी ‘माझा बाप चुकला’ असं म्हणावं लागणार नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा ओलांडून आले. याउलट 9 सप्टेंबर 2016 ला हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना ‘धिक्कारावेत असे’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘निम्मे’ या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला, तरी ‘धिक्कारावेत असे’ हे विशेषण ट्रम्प यांच्या समर्थकांनी अभिमानाने टी-शर्टवर छापून घेतलं.

आपल्याकडे या वाटेची भाषा अशी असू शकते: ‘तुम्ही विश्वास टाकलात, त्यात तुमचं काय चुकलं? शब्द त्यांनी मोडला.’ हे खुशामतीसाठी नाही, बहुतेक वेळा ते खरंच असतं. आश्वासनावर विश्वास ठेवणं हा मतदाराचा गुन्हा कसा?

हे गोड बोलून फसवणं नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की आपलं मत लपवलं तर फसवणं आहे. न लपवता ऐकलं तर नाही. दारात उभं राहताना आपण कुठल्या पक्षाचे आहोत हे पहिल्या वाक्यात सांगायचं. खोटं पसरवलं गेलं असेल तर ते खोटं आहे हेही सांगायचं. नेत्यावर टीका करायलाही हरकत नाही. इमामोग्लू निवडणूक मंडळावर कडाडलेच होते. जपायचं आहे ते एवढंच, की टीकेची धार मतदारावर जाऊ नये. ‘तुमच्या आमदाराने निधी परत जाऊ दिला’ आणि ‘असल्या आमदाराला निवडून देणारे तुम्ही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

आणखी एक. ज्या माणसाच्या जातीवर, धर्मावर किंवा घरावर हल्ला झालाय, त्याने हल्ल्याची बाजू घेणाऱ्याचं प्रेमाने ऐकलंच पाहिजे, असा आग्रह कुणी धरू नये. ज्याला झळ बसलेली नाही, त्यानेच पुढे होऊन हे काम करावं. मायामीच्या प्रयोगात जे स्वतः तृतीयपंथी नव्हते, अशा स्वयंसेवकांच्या बोलण्याचाही परिणाम झाला होता.

परिणाम छोटा असतो, हेही मनाशी ठेवावं. शंभर जणांशी बोलल्यावर काही थोडे सरकतात. पण सुरुवातीचं 51 मतांचं गणित आठवलं तर हे थोडे पुरतात.

जिंकल्यावर

हिणवण्याचा मोह सर्वांत जास्त होतो तो निकालाच्या दिवशी. आणि सर्वांत महाग पडतो तोही तेव्हाच, कारण पहिल्यांदाच बाजू बदललेला मतदार त्या दिवशी घाबरलेला असतो. आपण योग्य लोकांत आलो का, हे तो पाहत असतो.

आणीबाणीनंतर मार्च 1977 मध्ये लोकांनी इंदिरा गांधींना रायबरेलीतसुद्धा हरवलं. यात पिढीजात काँग्रेसला मत देणारी कितीतरी घरं होती. जनता पक्षाच्या सरकारने 3 ऑक्टोबर 1977 ला त्यांना अटक केली, आणि दुसऱ्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिलं. पुढे त्या चिकमगळूरमधून निवडून आल्या, तर डिसेंबर 1978 मध्ये त्यांना लोकसभेतून काढून तुरुंगात धाडलं गेलं. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी आवश्यकच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रीतसर खटल्यापेक्षा सूड उगवण्याची घाई दिसली, आणि ज्या बाईंना लोकांनी शिक्षा दिली होती त्यांच्याबद्दलच लोकांना कणव वाटू लागली. जनता पक्षाच्या आपसांतल्या भांडणांनी उरलेलं काम केलं. जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधी 353 जागा घेऊन परतल्या.

इस्तंबूलमध्ये 23 जूनच्या रात्री यिल्दिरिम यांनी मतमोजणी संपायच्या आतच इमामोग्लूंचं अभिनंदन केलं. इमामोग्लू म्हणाले, की हा एका पक्षाचा विजय नाही, आणि एर्दोगन यांच्यासोबत मिळून काम करायची आपली तयारी आहे. पुढच्या पाच वर्षांत पालिकेने गरीब घरांतल्या लहान मुलांना दूध दिलं, पाळणाघरं उघडली, स्वस्त जेवणाची भोजनालयं सुरू केली, मत कुणाला दिलं हे न विचारता. 2024 मध्ये ते पुन्हा निवडून आले, उस्कुदारची स्थानिक पालिकाही त्यांच्या पक्षाने जिंकली, आणि देशभरात सीएचपी 1977 नंतर प्रथमच मतांमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. मार्च 2025 मध्ये इमामोग्लूंना भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली तुरुंगात टाकण्यात आलं. मतदार वळवता आले म्हणून सत्ताही नमते असं नाही. पण ज्या घरांनी त्यांना पहिल्यांदा मत दिलं, त्यांना ‘सांगितलं होतं ना?’ ऐकावं लागलं नव्हतं. त्यांच्या पक्षाला दुसऱ्यांदा मत मागायला तोंड होतं.

आपल्या ग्रामपंचायतीच्या निकालाला हे लावून पाहा. गुलाल उधळत निघालेली मिरवणूक पडलेल्या उमेदवाराच्या दारासमोर थांबते, डीजेचा आवाज वाढतो, फटाक्यांची माळ मुद्दाम त्याच ओट्यापुढे लावली जाते. त्या आळीत तुम्हाला गुपचूप मत दिलेली चार घरं असतात. ती खिडकीतून हे पाहत असतात आणि उद्या सकाळी त्यांना त्याच शेजाऱ्यासोबत नळावर उभं राहायचं असतं. त्यामुळे मिरवणुकीचा रस्ता आदल्या रात्रीच ठरवावा, त्या आळीत डीजे बंद ठेवून पुढे जावं. आणि निकालानंतरच्या आठवड्यात सरपंचाने पाण्याची, गटाराची पहिली तक्रार ऐकायला जावं ते ज्या वॉर्डात सर्वांत कमी मतं पडली तिथेच, सोबत दोन-चार माणसं घेऊन, हार-तुरे न घेता.